कॅप्टन मेनिओसची पेटी

"आधी मला पुरा, मग काय जुळवाजुळव करायची ती करा!" असं कॅप्टन मेनिओस क्लबच्या सभेत टेबलावर मूठ आपटून म्हणाला आणि त्याच हिवाळ्यात वारला. पंचाईत अशी झाली की अट त्यानेच घातली होती आणि ती पूर्णही त्यानेच केली. केरावनोस क्लबशी एक व्हावं असं ज्यांना वाटत होतं ते अंत्यविधीला सगळ्यात पुढे होते आणि सगळ्यात जास्त रडलेही तेच. पण लगेच पुढच्या आठवड्यात सभा बोलावणं बरं दिसलं नसतं. अध्यक्ष म्हणाले, "निदान हाडं निघेपर्यंत थांबू या." त्याला कोणी हरकत घेतली नाही.

आमच्याकडे माणसाला कायमचं पुरत नाहीत. पिरेअस बंदराच्या बाजूला जिवंतांनाच जागा नाही, तिथे मेलेल्यांचं कोण बघतो? तीन वर्षं मातीत काढायची, मग घरच्यांसमोर कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची, पत्र्याच्या पेटीत भरायची आणि पेटी अस्थिघरातल्या फळीवर चढवायची. आमच्या पेर्गामिकोस क्लबच्या कॅप्टनांना यात एक मुक्काम जास्तीचा आहे. फळीवर जाण्याआधी त्यांची पेटी एक दिवस क्लबच्या हॉलमध्ये येते. वर त्यांची लाल जर्सी अंथरलेली असते. सभासद रांगेने येतात आणि ड्रेसिंग रूमच्या दारावर करावी तशी पेटीवर दोन बोटांनी टकटक करतात. ही पद्धत कोणी पाडली ते ठाऊक नाही. आतून अजून कोणी 'या' म्हटलेलं नाही.

मेनिओसचा मुलगा स्ट्रातिस. चौकात त्याची सिगारेट-वर्तमानपत्रांची टपरी आहे. त्याच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल मी केली, म्हणून तो मला कुंबारे म्हणतो आणि मी त्याला काहीही म्हणू शकतो. माणूस सरळ. फुटबॉल त्याला आला नाही; गुडघ्यांनी आधीच नकार दिला होता. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो कॅप्टन मेनिओसचा मुलगा होता. लोक दोन गल्ल्या जास्त चालून त्याच्याकडून पेपर घ्यायचे. वाद निघाला की विचारायचे, "कॅप्टन काय म्हणाले असते रे?" आणि स्ट्रातिस सांगायचा. तीन वर्षं विलीनीकरण अडवून धरलं ते त्याने, बापाच्या त्या एका वाक्यावर. कबर उघडायचा दिवस शनिवार आणि सभा रविवारी, हा घाटही त्याचाच. मतदानाला बाप हजर पाहिजे.

हे भांडण कशाचं, ते सांगायला हवं. आमचे आजे-पणजे समुद्रापलीकडच्या पेर्गामोसहून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आले. इथे तंबू ठोकून त्यांनी वस्तीचं नाव नेआ पेर्गामोस ठेवलं, नवं पेर्गामोस. जुनं परत मिळेपर्यंत तात्पुरतं. बायका गालिचाच्या कारखान्यात लागल्या, पोरांनी क्लब काढला. शर्ट कारखान्यातल्या मंजिष्ठेच्या हौदात बुडवून काढले. पहिल्याच सामन्यात पाऊस आला आणि रंग उतरायला लागला. आमचे अकराही जण गुडघ्यापर्यंत लालेलाल झालेले बघून समोरचा गोलकीपर डॉक्टरला बोलवायला धावला, तेवढ्यात आम्ही गोल केला. क्लबच्या इतिहासात याला स्थापनेचा विजय म्हणतात.

पुढे एका रविवारी मंजिष्ठेचा हौद रिकामा निघाला. शेजारी निळीचा भरलेला होता. अर्धे म्हणाले, शर्ट तो शर्ट, बुडवा. अर्धे म्हणाले, घरदार गमावलं ते काय निळं घालायला? ज्यांनी निळं घातलं त्यांचा दुसऱ्या दिवशी केरावनोस झाला आणि त्यांनी छातीवर विजेचा लोळ शिवून घेतला. एकाच होडीतून समुद्र ओलांडून आलेली माणसं एकमेकांना बघून रस्ता ओलांडायला लागली. ती अजून ओलांडतात. आता आमच्याकडे लीगच्या दुसऱ्या विभागातली जागा आहे, पण स्टँड पडायला झालाय म्हणून मैदानाला टाळं. त्यांच्याकडे धड मैदान आहे, पण संघ असा की विरुद्ध बाजूचे लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. महासंघाने कळवलं की मैदान नाही तर परवाना नाही. एक व्हा नाहीतर खाली जा.

आणि मेनिओसचा सख्खा भाऊ पानागोस केरावनोसकडून खेळायचा. लेमोनिया नावाच्या मुलीसाठी तो तिकडे गेला. तिचे वडील तिथले अध्यक्ष होते. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. शेवटच्या लढतीत मेनिओसच्या कोपराने पानागोसचं नाक मोडलं. त्याचा फोटो क्लबच्या हॉलमध्ये लावलेला आहे. आमच्या शाळेत सालामिसची लढाई आणि ते कोपर एकाच सुरात शिकवत. पानागोस आधी गेला. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मेनिओस औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा होता. लोक म्हणाले, खात्री करून घ्यायला आलाय.

तर शनिवारी सकाळी आम्ही दफनभूमीत जमलो. स्ट्रातिस, त्याची आई एवान्थिया, मी, पाद्री आणि खणणारा थानोस. पाद्रीबाबांना एक लग्न लावायला जायची घाई होती. त्यांनी प्रार्थना आटोपली, थोडी वाइन मातीवर आणि थोडी स्वतःच्या बाहीवर ओतली आणि निघाले. थानोसने फावडं बाजूला ठेवून हाताने माती काढायला सुरुवात केली.

"चांगला गेलाय," तो म्हणाला. कबरवाल्यांची ही शाबासकी. मांस नीट गेलं, हाडं स्वच्छ राहिली, म्हणजे माणूस पुण्यवान.

"गेला असणारच," स्ट्रातिस म्हणाला. "मनात काही ठेवणारा माणूस नव्हता."

थानोसने कवटी काढून एवान्थियाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदरात घ्यावी तशी रुमालात घेतली. कोटाच्या चिंध्या झाल्या होत्या. त्याने त्या सोडवल्या आणि थांबला.

"आत अजून एक कापड आहे. नायलॉन दिसतंय. हे जात नाही; मी जाईन पण हे जायचं नाही."

"जर्सी असेल," स्ट्रातिस म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळे पुसले. "बघ कुंबारे! जर्सी घालून गेलेत बाबा. कुणाला सांगितलं नाही."

थानोसने ती बरगड्यांवरून अलगद सोडवली, झटकली आणि दोन हातांनी धरून उभी केली. निळी होती. छातीवर पांढऱ्या विजेचा लोळ. पाठीवर आठ.

सायप्रसच्या झाडांवर कबुतरं घुमत होती.

"कबर चुकली," स्ट्रातिस म्हणाला.

"कबर कशी चुकेल? वर नाव आहे," थानोस म्हणाला.

"मग माणूस चुकलाय! दुसऱ्याच कुणाला पुरलंत तुम्ही!"

"स्ट्रातिस," एवान्थियाबाई म्हणाल्या. त्या कवटीवरची माती अंगठ्याने काढत होत्या. "ओरडू नकोस, इथे लोक झोपलेत. मीच घातली ती. हॉस्पिटलात तुझे बाबा म्हणाले, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चादरीखाली आहे. कोटाच्या आतून घाल, दिसता कामा नये. मी घातली, नाही दिसली."

"आई, अगं तीन वर्षांनी काढणार हे माहीत होतं ना तुला?"

"मला माहीत होतं. त्यांना सुचलं नाही. पुरुषांचा विचार कोटापर्यंतच जातो."

स्ट्रातिस शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसला. "उद्या अख्खा हॉल भरेल," तो म्हणाला. "माणसं टकटक करणार. मी काय सांगू त्यांना? केरावनोसची जर्सी घालून झोपला होता म्हणून सांगू? बार्बा प्रोद्रोमोस तिथेच मरेल. आणि मरण्याआधी मला मारेल."

बार्बा प्रोद्रोमोस, म्हणजे प्रोद्रोमोसकाका, हे आमच्या सगळ्यांच्या वडिलांच्या वयाचे न्हावी. आयुष्यात त्यांनी एकाही निळ्या गिऱ्हाइकाची दाढी केली नाही. एकदा चुकून अर्धी केली, तर उरलेली सोडून दिली.

"त्यांना सांगायचं कशाला?" मी म्हटलं.

"मग कुणाला सांगू? तीन वर्षं मी एकच वाक्य बोलतोय, कुंबारे. आधी मला पुरा. सकाळी पेपर देताना, संध्याकाळी सिगारेट देताना. बायको म्हणते झोपेतही बोलतोस. आणि हे बघ, ते वाक्य म्हणणारा माणूस आतून काय घालून बसलाय!"

मी नुसता खोकलो.

तेवढ्यात वाटेवरून लेमोनियाबाई आल्या. शनिवारी आमच्या सगळ्या विधवा दफनभूमीत असतात: कोणी दिव्यात तेल घालते, कोणी शिजवलेल्या गोड गव्हाची ताटली ठेवते. लेमोनिया आणि एवान्थिया या जावा दर शनिवारी एकाच नळाखाली बादली भरायच्या, पाठीला पाठ लावून. आज लेमोनियाबाईंनी बादली खाली ठेवली आणि थानोसच्या हातातल्या जर्सीकडे बघितलं.

"ती पानागोसची आहे," त्या म्हणाल्या.

स्ट्रातिस उठून उभा राहिला. "घेऊन जा! तुमची आहे ना? न्या! ही इथे कशी आली तेवढं सांगा आणि न्या!"

"त्याचं नाक मोडलं त्या दिवशी काढली त्याने," लेमोनियाबाई म्हणाल्या. "मैदानावर डॉक्टरची खोली एकच. एकाला नाक घेऊन पाठवलं, दुसऱ्याला कोपर. डॉक्टर तिसऱ्याकडे होता. पानागोस घरी आला तो अंगावर लाल जर्सी आणि वरून कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. माझ्या वडिलांसमोर, भर उन्हाळ्यात. मी विचारलं, काय बोललात? म्हणाला, काही नाही. त्याने विचारलं दुखतंय का, मी विचारलं कोपर कसंय."

"बस? एवढंच?"

"तुमच्या घराण्यात हे पुष्कळ झालं."

एवान्थियाबाईंनी कवटी जरा जवळ घेतली. "मग ती लाल?"

"पानागोसला बाहेर काढलं तेव्हा मी लालच बघितली. मीच घातली होती ना. हाडांबरोबर धुतली, परत आत ठेवली. मला वाटलं, कधीतरी तू येशील विचारायला."

"मला वाटलं तू येशील."

"मी येणार होते. पण तू नळावर पाठ करून उभी असायचीस."

"तू आधी केलीस."

हे आता कुठवर जातं अशी मला काळजी वाटली, कारण आमच्याकडे याच सुरात पन्नास वर्षं निघतात. पण एवान्थियाबाईंनी कवटी वाइनच्या परातीत ठेवली आणि सरकून जावेला जागा करून दिली. लेमोनियाबाईंनी बाह्या वर केल्या. मेनिओसची हाडं दोघींनी मिळून धुतली. दोन म्हाताऱ्यांनी एका परातीत वांगी धुवावीत तशी, एक धुवायची आणि दुसरी पुसायची.

"थानोस," लेमोनियाबाईंनी विचारलं, "पेटी केवढी आणली आहेस?"

"साधीच. पण मोठी मिळते. बरेच जण नवरा-बायको एकत्र ठेवतात."

"मोठी आण."

स्ट्रातिसने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग त्याला कळलं. तो म्हणाला, "नाही. काकू, नाही."

त्याने तिला काकू म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यालाही ते ऐकू आलं असावं.

"तुझी पेटी आहे, तू ठरव," एवान्थियाबाई म्हणाल्या. "पण मी त्यांना पुन्हा चादरीखाली ठेवणार नाही."

स्ट्रातिस अस्थिघरात गेला आणि काकूच्या फळीवरून पानागोसची पेटी स्वतः उचलून घेऊन आला.

रविवारी हॉल तुडुंब भरला होता. मोडलेल्या नाकाच्या फोटोखाली टेबल, टेबलावर पांढरा रुमाल. स्ट्रातिसने पेटी आणून ठेवली. पेटी मोठी होती. आणि झाकणावर काहीच अंथरलेलं नव्हतं.

"जर्सी?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत आहे."

"आत? जर्सी वर असते, बाळा. वर असल्याशिवाय दिसणार कशी?"

"आत आहे म्हटलं ना."

कुजबुज झाली, पण रांग लागली. एकेकाने पुढे येऊन दोन बोटांनी टकटक केली. बार्बा प्रोद्रोमोस काठी टेकत आले. त्यांनी टकटक केली, मग वाकून पत्र्यावर ओठ टेकले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "या पेटीत निळ्या रंगाचा एक थेंब नाही रे!" माझ्या शेजारी एवान्थियाबाईंनी हातातली पर्स उघडली आणि बंद केली. स्ट्रातिस छताकडे बघत होता.

मग अध्यक्षांनी विषय मांडला. हॉलमधल्या सगळ्या माना स्ट्रातिसकडे वळल्या. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं की माना वळल्या आणि तो तयार नव्हता. तो उभा राहिला. त्याने एक हात पेटीवर ठेवला.

"बोल!" मागून कोणीतरी ओरडलं. "कॅप्टन काय म्हणाले?"

"बाबा आज मत देणार नाहीत," स्ट्रातिस म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे देणार नाहीत. ते वाक्य मी फार वापरलं. ते मी परत घेतो. तुम्हाला काय करायचंय ते तुमच्या डोक्याने करा."

बार्बा प्रोद्रोमोस म्हणाले, "किती मिळाले?" आणि मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही, कारण त्यातले निम्मे शब्द मला छापता येणार नाहीत आणि उरलेले निम्मे माझ्याबद्दल होते. कोणीतरी म्हणालं, बाप जिवंत असता तर याचा गळा धरला असता. कोणीतरी म्हणालं, जर्सीसुद्धा विकली असेल, म्हणूनच वर नाही.

एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. झाकण उघडायचं, आत दाखवायचं, आणि सगळी थुंकी त्याच्यावरून बापावर गेली असती. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात झाकणावर होता. त्याने तो उचलला नाही. उलट, थोडा दाबून धरला.

विलीनीकरण मंजूर झालं. कॅप्टनचं मत नसल्यावर लोकांना आपलं काय मत आहे ते आठवेना, आणि अशा वेळी माणसं हात वर करतात.

नव्या क्लबच्या रंगासाठी समिती नेमली. लाल म्हणणारे लालवर अडले, निळे निळ्यावर, शेवटी दोन्ही मिसळा असं ठरलं. आता आमचा संघ जांभळा आहे. बिशपच्या झग्यासारखा. पहिल्या सामन्याला निम्मे लोक आले नाहीत आणि जे आले ते कोट घालून बसले, गळ्यापर्यंत बटणं लावून.

स्ट्रातिसच्या टपरीच्या शटरवर एका सकाळी 'विकाऊ' असं लिहिलेलं सापडलं. त्याने पुसलं नाही. गिऱ्हाइकं आता दोन गल्ल्या जास्त चालून दुसरीकडून पेपर घेतात. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी जेवायला जाते तेव्हा तो जात नाही, कारण सासरा पेर्गामिकोसवाला आहे. मी त्याला एकदा म्हटलं, "बार्बाला तरी सांगू या का? एकट्याला?" तो म्हणाला, "एकट्याला सांगितलेलं इथे कधी एकट्याकडे राहिलंय?" आणि सुटे पैसे मोजू लागला, समोर कोणी नसताना.

शनिवारी तो दफनभूमीत जातो. अस्थिघरात कॅप्टन मेनिओसची पेटी वरच्या फळीवर आहे. तिच्यावर एकच नाव आहे. खालच्या फळीवर पानागोसची जुनी पेटीही आहे, नावासकट, पुसूनबिसून ठेवलेली. केरावनोसचे लोक वर्षातून एकदा येऊन तिच्यावर निळं फूल ठेवतात. ती पेटी उचलून बघायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी टपरीवर उभा होतो. बार्बा प्रोद्रोमोस चौकातून चालले होते. सभेनंतर ते स्ट्रातिसशी बोलत नाहीत, पण त्या दिवशी जांभळ्यांनी चार गोल खाल्ले होते आणि ते मनात मावेना. टपरीसमोर ते थांबले. काठी उचलून स्ट्रातिसच्या छातीवर रोखली.

"तुझ्या बापाची हाडं करकरत असतील!" ते म्हणाले. "ऐकू येतात का तुला? रात्रंदिवस करकरत असतील!"

स्ट्रातिसने काचेवरची धूळ फडक्याने पुसली.

"असतील, बार्बा," तो म्हणाला. "आत जागा कमी आहे."